बायपास झाला की गाव मोकळं?

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय: 'बायपास होऊ द्या. वाहतूक गावाबाहेरून जाईल, कोंडी कायमची संपेल, अपघात थांबतील, गाव शांत होईल.' मी बायपासच्या विरोधात नाही, पण यातलं प्रत्येक वाक्य अर्धंच खरं आहे.

'वाहतूक बाहेरून जाईल.' कुठली? जिचं गावात काही काम नाही, तेवढीच. पोरांना शाळेत सोडणारी दुचाकी किंवा दुकानात माल उतरवणारा टेम्पो बायपासवर कशाला जाईल? म्हणून आधी गावाच्या दोन्ही टोकांना गाड्यांचे नंबर टिपावे लागतात. या टोकाला शिरलेली गाडी न थांबता त्या टोकाला बाहेर पडली, तर ती थेट जाणारी. तासाभराने निघाली, तर तिचं गावात काम होतं. ही मोजणी न करता सांगितलेला आकडा म्हणजे नुसता अंदाज. त्यातही गाव जितकं मोठं, तितका थेट जाणाऱ्या गाड्यांचा वाटा साधारणपणे कमी.

'कोंडी कायमची संपेल.' नवा रस्ता स्वतःच नवी वाहतूक ओढतो, हे ब्रिटनच्या सरकारी सल्लागार समितीने 1994 मध्येच मान्य केलं. शिवाय बायपासच्या कडेला पेट्रोल पंप, गोदामं, वसाहती उभ्या राहतात. प्रत्येकाला थेट रस्त्यावर फाटक काढू दिलं की काही वर्षांत तिथेच दुसरी पेठ भरते. मग काय, बायपासला बायपास मागायचा!

'अपघात थांबतील.' गावातले बहुधा घटतात, हे खरं. पण वेग ताशी 40 वरून 80 किलोमीटरवर गेला की धडकेची ऊर्जा चौपट होते, आणि बायपास जिथे गावाचे जुने रस्ते कापतो तिथे माणसं, सायकली, गुरं तो ओलांडतातच. भुयारी मार्ग आराखड्यात आहे का, हे कुणी विचारतच नाही.

'गाव शांत होईल.' वाहनं निम्मी झाली, बाकी सगळं तसंच राहिलं, तर आवाज जेमतेम 3 डेसिबलने उतरतो; कानाला फरक कळला तर कळला. खरा फरक पडतो तो ट्रक गेल्याने. एका आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज ढोबळमानाने 16 पट होते, त्यामुळे गावातला रस्ताही जास्त टिकतो. फक्त जुना रस्ता जवळचा आणि तितकाच रुंद राहिला, तर तो मोकळा दिसताच काही ट्रक पुन्हा आत वळतील. त्यांना प्रवेशबंदी बायपास सुरू होईल त्याच दिवशी लागू झाली पाहिजे.