न्याऱ्यावर थेट तेजाब ओतू नका

न्यारा म्हणजे सोनाराच्या कामात सांडलेला कीस, कात्रणं, धूळ आणि झाडलोट; तेजाब म्हणजे आम्ल, इथं बहुतेक नायट्रिक. सोनारकामाच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय: "वर्षभराचा न्यारा एका भांड्यात घ्या, वरून नायट्रिक ओता. सोनं सोडून सगळं विरघळतं, तळाला उरतं ते चोवीस कॅरेट. तोंडाला ओला रुमाल पुरे. उरलेलं पाणी गटारात सोडा. आटणीवाल्याला (सोनं वितळवून शुद्ध करून देणाऱ्याला) मजुरी कशाला द्यायची?" कोल्हापूरच्या गुजरीतल्या (सराफ बाजारातल्या) एका खिडकीच्या खोलीत कुणी हे करून बघितलं तर सोनं तर जाईलच, माणूसही जाऊ शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"न्यारा एका भांड्यात घ्या." निम्मं नुकसान इथंच होतं. कानशीखालचा कीस आणि पत्र्या-तारेची कात्रणं एकाच टंचाची (शुद्धतेच्या टक्क्याची) असतील तर त्यांना तेजाबाची गरजच नाही. चुंबक दोनदा फिरवून करवतीच्या पात्याचे तुकडे काढा, कीस भाजून तेल-मेण जाळा, मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) सवागी (टाकणखार) टाकून आटवा, टंच काढा आणि पुन्हा कामाला घ्या. टाका (जोडासाठी वापरलेला मिश्रधातू) मिसळला असेल तेवढंच टंच उतरेल. पॉलिशची धूळ, झाडलोट आणि हात धुतलेल्या पाण्याचा गाळ यांना वेगवेगळे डबे हवेत. सोन्या-चांदीचा न्यारा तर कधीच एकत्र करू नये.

झाडलोटीत केस, कागद, मेण, लाख सगळं असतं. त्यावर थेट नायट्रिक पडलं की फेस उसळून भांड्याबाहेर येतो, आणि मागे राहिलेल्या काळ्या चिकट गोळ्यात सोनं अडकून बसतं. आधी लोखंडी कढईत, उघड्यावर, मंद आचेनं राख करायची. भाता किंवा पंखा लावायचा नाही, बारीक सोनं राखेबरोबर उडून जातं. जुन्या कोल्हापुरी साजाची मोड (मोडीत काढलेला दागिना) असेल तर जास्तच जपा. मण्यांच्या पोटात लाख असते. मणी न उघडता मुशीत टाकला तर आतली लाख उकळते, मणी फुटतो आणि तापलेले शिंतोडे तोंडावर येतात. मणी कापून उघडा, लाख सावकाश जाळा आणि वजन त्यानंतरच धरा.

"सोनं सोडून सगळं विरघळतं." हे अर्धसत्य आहे, आणि सगळ्यात महागात पडतं ते हेच. 22 कॅरेटच्या तुकड्यावर नायट्रिक ओतलं तर वरवरचं तांबं-चांदी निघतं आणि काम थांबतं, कारण आतल्या तांब्या-चांदीभोवती सोन्याचं कवच असतं. तेजाब आत पोचायला मिश्रणात सोनं चौथाईवर आणावं लागतं. 10 ग्रॅम 91.6 टंचात (म्हणजे 22 कॅरेटमध्ये) सोनं 9.16 ग्रॅम. म्हणजे एकूण वजन 36.64 ग्रॅम करायचं, सुमारे 26.64 ग्रॅम चांदी घालायची. तांबंही चालतं, पण तेवढ्याच वजनाच्या तांब्याला तेजाब तिपटीहून जास्त लागतं आणि धूरही तितकाच वाढतो. आटवून नीट ढवळायचं, पाण्यात बारीक धारेनं सोडून दाणे पाडायचे. मग निम्म्याला निम्मं डिस्टिल्ड पाणी घातलेलं नायट्रिक थोडं थोडं द्यायचं. पातळ करताना तेजाब पाण्यात घाला, पाणी तेजाबात नको. नळाचं पाणी वापरलं तर त्यातल्या क्लोराइडमुळे चांदीचं पांढरं दही होतं आणि ते सोन्याच्या गाळात मिसळतं. निथळलेल्या पाण्यातली चांदी तांब्याची पट्टी टाकून उतरवता येते: 1 ग्रॅम तांब्यामागे सुमारे 3.4 ग्रॅम चांदी बसते.

यावर काहीजण सुचवतात, "मग अम्लराज करा, वरून मेटा टाका." अम्लराज म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिकचं मिश्रण, त्यात सोनंही विरघळतं; मेटा म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट, ते विरघळलेलं सोनं तळाला बसवतं. सोन्यात चांदी साधारण 10 टक्क्यांच्या वर असेल तर अम्लराजात तुकड्यावर सिल्व्हर क्लोराइडची साय धरते आणि काम अडतं. दुसरी चूक नायट्रिक सढळ हातानं ओतण्याची. ते शिल्लक राहिलं की मेटानं बसलेलं सोनं पुन्हा विरघळतं, आणि माणूस मेटाची पुडी रिकामी करत बसतो. हायड्रोक्लोरिक आधी घालून नायट्रिक थेंबाथेंबानं द्या. शेवटी उरलेलं नायट्रिक सल्फॅमिक ॲसिडनं गरम करत मारा. सोनं पूर्ण बसलं का, हे स्टॅनस क्लोराइडच्या एका थेंबानं कागदावर बघा. जांभळा-काळा डाग आला तर पाण्यात सोनं अजून आहे, ते पाणी टाकू नका. तळाला न विरघळणारी काळी पूड दिसली तर घाबरू नका: मिसळलेलं इरिडियम किंवा रुथेनियम असंच उरतं.

"ओला रुमाल पुरे." नाही, मुळीच नाही. तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. हुंगल्यावर थोडा खोकला येतो, माणूस बरा वाटून घरी जातो, आणि काही तासांनी, कधी दिवसभरानंतर, फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून त्रास नसला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. धूर ओढणारं हूड आणि बाहेर नेणारा पंखा नसेल तर हे काम त्या खोलीत करायचंच नाही. केडीएमची (कॅडमियमच्या टाक्याच्या दागिन्यांची) मोड आटवतानाही तसंच: कॅडमियम 767 अंशांना उकळतं, सोनं वितळतं 1064 ला. मूस तापेपर्यंत कॅडमियमचा धूर छातीत गेलेला असतो.

पॉलिशच्या, मुलाम्याच्या पाण्यात सायनाइड असू शकतं. त्यात तेजाब पडलं तर हायड्रोजन सायनाइड सुटतो, आणि तो माणूस मारतो. तो डबा न्याऱ्याजवळही ठेवू नका. चांदी किंवा सोनं विरघळलेल्या पाण्यात अमोनिया घालून ठेवणंही टाळा. वाळल्यावर ते स्फोटक होतं.

"तळाला उरतं ते चोवीस कॅरेट." नीट धुतलं तरी या पद्धतीनं बहुधा 99 टंचाच्या आसपास येतं. टंच मोजायच्या मशीनवरचा आकडा फक्त वरच्या थराचा असतो. विकायचं तर शिसं-कुपीची अग्निपरीक्षा (शिशाबरोबर कुपीत तापवून केलेली तपासणी), म्हणजे आयएस 1418 या भारतीय मानकाप्रमाणे टंच.

मजुरीचं म्हणाल तर राख दळून, चाळून, तुमच्यासमोर ढवळून तिचा नमुना काढणाऱ्याकडे द्या आणि वजन स्वतः लिहून ठेवा. किसाला ही मजुरी लागतच नाही, ती फक्त राखेची.

राहिलं गटार. गुजरीतलं सांडपाणी जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं. हिरव्या-निळ्या पाण्यातलं तांबं आधी लोखंडाच्या तुकड्यांवर उतरवा, मग चुना घालून पीएच 9 च्या आसपास न्या. गाळ खाली बसला की वरचं पाणी निथळून पुन्हा तपासा. बसलेला गाळ वाळवून, डब्यावर नाव लिहून घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्या. कचराकुंडीत टाकला तर पावसात तेच तांबं पुन्हा विरघळून वाहतं.