दाजी, पेटला का?

माझ्या मेहुण्याला जे काही सुचतं ते रात्री अकरानंतर सुचतं. सकाळी फोन येतो, "दाजी, आज मोकळे का?" बँकेतून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. मोकळा नाही म्हणायला तोंड उरलेलं नाही.

२०२१ साली राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ती बातमी पुष्कळांनी वाचली असेल आणि पान उलटलं असेल. मेहुण्यानं कात्रण काढून ठेवलं. पुढच्या वर्षभरात नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पत्रा, अँगल, प्लायवूड आणि त्याच्या बायकोचे टोमणे यांतून एक ट्रेलर उभा राहिला. जीपच्या मागे जोडायचा आणि ओढत न्यायचा. आत दोन बाक, रात्री त्यांचेच पलंग, एक ओटा, आणि संडास-मोरी मिळून एक कपाट. मेहुणा राहतो कॉलेज रोडला, तिथे सोसायटीत गाडी लावायचीच मारामार. इंदिरानगरात आमच्या घरासमोर मोकळी जागा. तेव्हा मालक तो आणि राखणदार मी, हे न बोलता ठरलं. येणारे-जाणारे खिडकीवर टकटक करून विचारतात, "काका, रसवंती कधी सुरू होणार?" महापालिकेच्या निवडणुकीची चर्चा सुरू झाली तेव्हा एक जण कर्णे लावायचं भाडं विचारून गेला.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मेहुण्याला मोरीत गरम पाणी पाहिजे होतं.

आमचे चिरंजीव टेक्सासात असतात. दिवाळीला आले. हिला वाटलं बॅगेत बदाम असतील, परफ्यूम असेल. बॅग उघडली तर आत एक पांढरी लोखंडी पेटी. "मामानं सांगितलं होतं." तिकडच्या ट्रेलरमध्ये बसवतात तो वॉटर हीटर, सहा गॅलनचा, म्हणजे आपल्या हिशेबानं २३ लिटर. विमानात सामानही २३ किलोच नेऊ देतात, हा योगायोग मेहुण्याला शुभशकुन वाटला. हिनं त्या पेटीकडे एकदा पाहिलं, एकदा भावाकडे पाहिलं, आणि चकल्या तळायला निघून गेली.

हा हीटर गॅसवरही चालतो आणि विजेवरही. विजेवर तो नेमका अर्धा मिनिट चालला. अमेरिकेत घरात वीज येते १२० व्होल्टनं, आपल्याकडे २३०. मेहुणा म्हणाला, "दुप्पटच ना? पाणी दुप्पट लवकर तापेल." बँकेत आयुष्य गेल्यामुळे चक्रवाढीचा अंदाज मला आहे, पण विजेलाही तो लागू होतो हे ठाऊक नव्हतं. व्होल्टेज दुप्पट झालं की कॉइल खेचते ती वीज जवळजवळ चौपट. १४४० वॉटच्या कॉइलनं पाच हजाराच्या वर वॉट ओढले, आतून 'फट्' असा आवाज आला, आणि माझ्या घराचाच नव्हे तर शेजाऱ्यांचाही टीव्ही गेला. शेजारी क्रिकेटची मॅच बघत होते. त्यांच्याशी आमचे संबंध अजून सुधारताहेत.

राहिला गॅस. ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला हीटरचं जाळीचं दार आहे. ते उघडलं की आत पितळी बर्नर, त्याच्यापुढे आडवी नळी. ज्योत त्या नळीतून टाकीच्या पोटात शिरते, आतल्या आत वळसा घेते आणि वरच्या तोंडातून धग बाहेर टाकते. पाणी नळीच्या भोवती. मेहुणा हे सगळं मला समजावून सांगत असताना माझी आई काठी टेकत आली. ब्याऐंशी वर्षांची. वाकून आत बघितलं.

"अरे, हा तर बंब!"

"आजी, बंब कसला? अमेरिकेचा आहे," मेहुणा म्हणाला.

"असू दे की. आडवा पाडलाय एवढंच."

आईचं माहेर पंचवटीतला वाडा. तिथला बंब भांडीबाजारातून आणलेला, तांब्याचा, तिच्या कमरेएवढा. मध्ये उभी नळी, खाली जाळी, नळीत ढलप्या आणि कोळसे, वर धूर, भोवती पाणी आणि बाजूला तोटी. रोज पहाटे तो पेटवायचं काम लहानपणी तिच्याकडे, आणि दर रविवारी चिंच लावून घासायचंही. मेहुण्याच्या चेहऱ्यावर मात्र पत्रिकेत मंगळ निघाल्यासारखे भाव. त्यानं त्या वस्तूला 'सिस्टिम' म्हणायला नुकतीच सुरुवात केली होती. त्या दिवसापासून घरात सगळे बंबच म्हणतात.

पहिला महिना पाणी कोमटच येत होतं. हीटरच्या मागे तीन तोट्या आहेत, बायपासच्या. तिकडे थंडीत पाणी गोठून टाकी फुटते, म्हणून ते लोक हिवाळ्यात टाकी रिकामी करतात आणि पाण्याची वाट बाहेरून वळवतात. नाशकात त्या तोट्यांचा उपयोग शून्य. पण खोक्यात आल्या होत्या, म्हणून मेहुण्यानं बसवल्या. त्यातली एक उघडी राहिल्यामुळे निम्मं पाणी बंबाला वळसा घालून गारच्या गार नळाला येत होतं. हे कळायला एक महिना आणि घरगुती गीझर दुरुस्त करणारे दोन मिस्त्री लागले. पहिल्यानं विचारलं, "याचं स्टिकर कुठंय?" दुसऱ्यानं लांबूनच हात जोडले.

मग टाकी रडायला लागली. वरच्या बाजूला दांडीवाला एक पितळी व्हॉल्व्ह आहे. आतला दाब फार वाढला की तो आपोआप उघडतो, म्हणजे टाकीचा बॉम्ब होत नाही. तो थेंब-थेंब गळू लागला. आम्ही नवा मागवला. तोही गळायला लागला. मी टेफलॉन टेप इतकी गुंडाळली की आटे दिसेनासे झाले. शेवटी मुलाला फोन लावला.

"बाबा, टाकीत हवा आहे का?"

"टाकीत हवा कशाला हवी?"

हवीच असते म्हणे. पाणी तापलं की फुगतं, त्या फुगण्याला टाकीच्या माथ्यावर थोडी हवेची पोकळी लागते. वापरता वापरता ती हवा पाण्यात विरून जाते, मग फुगणाऱ्या पाण्याला जागा राहत नाही आणि बिचारा व्हॉल्व्ह अश्रू ढाळतो. उपाय फुकटचा. गॅस बंद करायचा, पाणी निवू द्यायचं, येणारं पाणी तोडायचं, गरम पाण्याचा नळ सोडायचा, आणि व्हॉल्व्हची दांडी उचलून धरायची, पाणी यायचं थांबेपर्यंत. मग सगळं पूर्ववत. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "काठोकाठ भरला होतात? बंब कुणी काठोकाठ भरतं का?" नव्या व्हॉल्व्हचे पैसे मी अजून मेहुण्याला मागितलेले नाहीत. पण वहीत लिहिलेत.

वासाचं प्रकरण त्याहून नाजूक. पावसाळाभर ट्रेलर उभा होता. गणपतीच्या आदल्या दिवशी मेहुण्यानं सहज नळ सोडला आणि सडक्या अंड्यांचा भपकारा अंगणभर पसरला. आमच्या घरात अंडं आणलेलं आईनं अजून पाहिलेलं नाही. (बाहेर काय खातो, ते तिनं विचारलेलं नाही.) तिनं संशयानं एकेकाकडे पाहिलं. सगळ्यात जास्त वेळ माझ्याकडे.

टाकी पोलादाची, आतून काचेचा लेप. तरी गंज लागतो, म्हणून पोटात मॅग्नेशियमचा एक दांडा सोडलेला असतो. पोलादाच्या आधी तो स्वतः झिजतो. आमच्या शाखेत एक हेडकॅशियर होते, सगळ्यांच्या चुका स्वतःच्या अंगावर घ्यायचे. त्यांची आठवण झाली. पण पाणी साचून राहिलं की त्यात जिवाणू वाढतात, आणि मॅग्नेशियमच्या सहवासात त्यांना भलताच जोर चढतो. त्यांचा तो वास. दांडा काढून टाकी धुवायची होती.

त्याला लागते २७ नंबरची गोटी, म्हणजे नटावर बसणारा पान्याचा गोल तुकडा. ती शोधत शालिमारपासून रविवार कारंजापर्यंत फिरलो. एकानं २६ दिली, "चालून जाईल" म्हणून. दुसऱ्यानं ३० दिली, "कापड लावा" म्हणून. शेवटी एका ट्रक गॅरेजवाल्यानं उसनी दिली, माझा मोबाइल नंबर लिहून घेऊन. मेहुण्यानं गोटी लावली, हँडलला पाइप अडकवला आणि जोर केला. टाकीतला दाब आधी सोडायचा असतो हे त्याला माहीत होतं, असं तो नंतर म्हणाला. दांडा सुटला तसा २३ लिटर सडक्या पाण्याचा फवारा सरळ बाहेर आला. समोर टॉर्च धरून मी होतो. ही गच्चीतून ओरडली, "अहो, तसेच घरात येऊ नका!"

दांडा पाहिला तर रस काढून झालेल्या उसाच्या चिपाडासारखा, मधली तार फक्त शिल्लक. इंदिरानगरच्या बोअरचं पाणी दोन वर्षं पचवलं होतं त्यानं. तळातून मूठ-दोन मूठ पांढरे खडे निघाले, क्षारांचे. हिनं ते बघून आमच्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरची आठवण काढली. तो विषय इथे नको.

एवढं सगळं झाल्यावर गेल्या डिसेंबरात ट्रेलर पहिल्यांदा खऱ्या मुक्कामाला निघाला. नांदूरमध्यमेश्वर. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगानं दखल घेतलेली पाणथळ जागा, थंडीत परदेशी पक्ष्यांची जत्रा. चापडगावच्या अलीकडे मेहुण्याच्या मित्राची द्राक्षबाग आहे, तिच्या बांधाला ट्रेलर लावला. निफाड तालुक्याची थंडी ज्यांना पेपरातूनच माहीत आहे त्यांना सांगतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात वाचणं वेगळं आणि त्या आकड्यात पत्र्याच्या खोक्यात झोपणं वेगळं. रात्रभर बागेत शेकोट्या पेटत्या होत्या. द्राक्षांना थंडी वाजू नये म्हणून. आमच्यासाठी कुणी पेटवली नाही.

पहाटे साडेपाचला मेहुण्यानं आतून बटण दाबलं. मी बाहेर, मफलर, कानटोपी, हातात टॉर्च.

"दाजी, पेटला का?"

टक टक टक. टक टक टक. टक टक टक. ठिणगी तीनदा प्रयत्न करते, मग रुसून लाल दिवा लावते.

"नाही."

"आता?"

"नाही."

गॅस संपला म्हणावं तर त्याच सिलिंडरवर हिनं चहा ठेवलेला. बॅटरी म्हणावं तर दिवे लखलखीत. मेहुण्यानं फ्यूज काढून फुंकर मारली, परत लावला, मग मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती, तो जेवायला बाहेर गेलेला. चार पक्षीनिरीक्षक दुर्बिणी गळ्यात घालून चालले होते, ते थांबले. दुर्बिणीतून आमच्याकडे पाहायला लागले.

आतून रजईतून आईचा आवाज आला, "नळी झाडली का?"

कुणी लक्ष दिलं नाही.

"अरे, नळी झाडलीत का? बंब धुपत असला की नळी तुंबलेली असते."

मी टॉर्च नळीत मारला. आत, तोंडापासून चार बोटांवर, मातीचं सुबक घर. कुंभारीण माशीचं. गणपतीत धुतला-पुसला तेव्हा नव्हतं, त्यानंतरच्या तीन महिन्यांत बाईंनी चिखल आणून बांधकाम पूर्ण केलं होतं. बांधकाम परवानगी वगैरे काही नाही. गॅसला हवा मिळत नव्हती, ठिणगी बिचारी भिंतीवर डोकं आपटत होती. बागेतल्या खराट्याची काडी घेतली. आई म्हणाली, "हळू काढ. आत तिची पिल्लं असतील." घर अर्धं फुटलंच. आत कोळी कोंबून ठेवलेले, पिल्लांच्या शिदोरीला. ते सगळं उचलून द्राक्षाच्या मांडवाखाली नेऊन ठेवलं.

"दाजी, पेटला का?"

टक टक, भस्स्. निळी ज्योत. पक्षीनिरीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी होतं, धुरानं म्हणावं तर धूर नव्हता.

वीस मिनिटांनी नळाला हात लावला तर चटका बसला. पहिला मान अर्थात आईचा. ती टॉवेल घेऊन त्या कपाटात शिरली, वर शॉवरकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि बाहेर आली.

"बादली कुठाय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गोटी आणली होती. टेफलॉन टेपची तीन रिळं आणली होती. जादा व्हॉल्व्ह आणला होता.

"शॉवर आहे ना, आजी."

"पावसात भिजणं म्हणजे अंघोळ नव्हे. बादली-तांब्या आण."

मेहुणा बागवाल्या मित्राच्या घरी पळाला. दहा मिनिटांनी मित्राची आई स्वतःच आली, कडीला फडकं गुंडाळून बादली सावरत. बादली काठोकाठ भरलेली, वर वाफ.

"चुलीवर तापलेलंच होतं," त्या म्हणाल्या, "म्हटलं रिकामी कशाला द्यायची."

आईनं तांब्या घेतला आणि कपाटाचं दार लावून घेतलं. मी बाहेर निळ्या ज्योतीसमोर हात शेकत उभा राहिलो.

"दाजी," मेहुण्यानं आतून विचारलं, "मग बंद करू का?"