शीख पंथ 1699 साली सुरू झाला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘पंथाची स्थापना नानकांनी केली’ या माझ्या लेखातल्या वाक्यावर सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं, की गुरु नानक हे आपल्या संतांसारखेच एक संत. शीख पंथ खरा सुरू होतो तो 1699 साली, मोगलांशी लढायला खालसा, म्हणजे अमृत घेऊन दीक्षा घेतलेल्या शिखांचा संघ, उभा राहिला तेव्हा. हे मला मुळीच पटत नाही.

नानक आपल्या संतांना जवळचे, यात वाद नाही. गुरु ग्रंथसाहिबात, म्हणजे शिखांच्या धर्मग्रंथात, नामदेवांची 61 पदं आहेत, ती काय उगाच? एकच निराकार ईश्वर, जातपात खोटी, कष्ट करून वाटून खा, नाम घ्या, ही शिकवण आपल्याला ओळखीचीच वाटते. पण नानक पदं रचून थांबले नाहीत. रावीकाठी त्यांनी कर्तारपूर वसवलं, स्वतः शेती केली. पहाटे जपजी, संध्याकाळी सोदर आणि आरती या प्रार्थना, आणि सगळ्यांना एका पंगतीत लंगर, म्हणजे सामुदायिक जेवण. 1539 साली देह ठेवण्यापूर्वी त्यांनी दोन्ही मुलांना बाजूला ठेवून लेहणा या शिष्याला गादी दिली. तेच गुरु अंगद. ज्याला पंथ चालवायचा नाही, तो आपल्यामागे गुरु कशाला नेमेल?

पुढे 1604 मध्ये पाचवे गुरु अर्जन यांनी हा ग्रंथ सिद्ध करून हरमंदिरात, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिरात, ठेवला. तोवर तलवारीचा संबंधच नव्हता. 1606 साली लाहोरात त्यांचा छळ करून जीव घेतला गेला, त्यानंतर त्यांचे पुत्र गुरु हरगोबिंद यांनी मीरी (ऐहिक सत्ता) आणि पीरी (आध्यात्मिक सत्ता) अशा दोन तलवारी कमरेला लावल्या.

आणि बाबराची स्वारी तर नानकांच्याच काळातली. त्यांनी थेट देवालाच जाब विचारला: एवढा मार पडला, लोक एवढे आक्रोशले, तुला कळवळा आला नाही? त्याच वाणीत लुटल्या गेलेल्या बायकांचं वर्णन येतं, आणि तिथे हिंदू बाईच्या शेजारी तुर्क बाईही आहे. नुसता शत्रू डोळ्यांपुढे असणारा माणूस असं लिहीत नाही.

खालशाचंच घ्या. 1699 साली आनंदपुरात दहावे गुरु गोबिंदसिंग यांनी शीर मागितलं, तेव्हा ते द्यायला पुढे आलेल्या पाचांत खत्री होता, जाट होता, पाणी भरणारा होता, छिंपी (कापड छापणारा) होता, बिदरचा न्हावीही होता. त्यांना अमृत, म्हणजे दीक्षेचं पाणी, देऊन झाल्यावर गुरु गोबिंदसिंगांनी त्यांच्याच हातून स्वतः अमृत घेतलं. फौजेचा सरदार शिपायांकडून दीक्षा घेतो का? कर्तारपूरच्या पंगतीत बसलेल्यांनाच हे सुचू शकतं. म्हणून लेखातलं ‘पंथाची स्थापना नानकांनी केली’ हे वाक्य मी बदलणार नाही.