पहिल्या वर्षाचा सी प्लस

दरवर्षी जून आला की आमच्या घरच्या ग्रुपवर नीटचं महाभारत सुरू होतं. २०२४ ला तर विचारूच नका, ६७ जणांना ७२० पैकी ७२०, ग्रेस मार्कांचा घोळ, १,५६३ मुलांना फेरपरीक्षेचा पर्याय, वर पेपरफुटीच्या तपासात लातूरचं नाव, आणि तेव्हापासून आमच्या दाजींचं एकच पालुपद, एका दुपारच्या तीन तासांवर पोराचं आयुष्य ठरवता, तुमच्या अमेरिकेत बघा, अख्खा माणूस बघतात म्हणे.

बघतात ना. अख्खा म्हणजे खरंच अख्खा बघतात, तेच तर दुखणं आहे.

माझी लेक इथे ओहायोत कॉलेजला गेली, पहिल्या वर्षी होस्टेलवर भरकटली, केमिस्ट्रीत सी प्लस, कॅल्क्युलसमध्ये सी, पुढे सावरली पण चार वर्षांनी बाहेर पडली ती ३.१ जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी, ४ पैकी) घेऊन. मेडिकलला (इथे ते डिग्रीनंतर) प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.७५ च्या वर असते. मला वाटलं आता एखादं वर्ष अभ्यास करेल, भरून काढेल, आपल्याकडे रिपीट करतात तसं. मग एका रात्री कागदावर हिशोब केला. १२० क्रेडिट ३.१ ने झालेले, त्यात आणखी ३० क्रेडिट घेतले आणि सगळ्यात ए काढला, एकही बी नाही, तरी जीपीए होतो ३.२८. वर्षभर घासून एवढंच! बरं, तोच विषय परत घेतला तरी एमडी (म्हणजे इथलं एमबीबीएसच) कॉलेजांच्या अर्जात जुना सी आणि नवा ए दोन्ही धरतात. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथीच्या, कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घ्यायचा, २०१७ पासून तेही बंद. (डीओ म्हणजे होमिओपॅथी का, हा प्रश्न मला तीन आत्यांनी विचारलाय. नाही, तेही पूर्ण डॉक्टरच, आणि २०२० पासून रेसिडेन्सीही, म्हणजे डिग्रीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, एमडीवाल्यांबरोबर एकाच व्यवस्थेत.) टेक्सासमध्ये दहा वर्षं जुने ग्रेड पुसायची एक सोय आहे, पण ती तिथल्या सरकारी कॉलेजांपुरती, आणि त्यासाठी दहा वर्षांपूर्वीचं सगळंच सोडायचं, चांगले ग्रेडसुद्धा.

आता भाच्याचं बघा. लातूरला रिपीटर बॅचला आहे, तिसरा अटेम्प्ट. पहिल्या वेळी ३४०, मग ४७०. ते ३४० आज कुणी विचारतं का? दर मे महिन्यात पाटी कोरी. नीटचा हा एक गुण आहे आणि दाजींना तो दिसतच नाही, कारण त्यांना कधी जुना सी प्लस आयुष्यभर वागवावा लागला नाही. नीट चांगली परीक्षा आहे असं मी म्हणत नाही, वीस लाखांच्या वर पोरं आणि एमबीबीएसच्या सव्वा लाखाच्या आसपास जागा, त्यातल्या निम्म्याच सरकारी, हा खेळच क्रूर आहे. पण पहिल्या वर्षी घसरलेल्या मुलासाठी इथली दयाळू पद्धत जास्त महाग पडते हे मी बिलं भरून सांगतोय. पोस्ट-बॅक, स्पेशल मास्टर्स, म्हणजे ग्रेड सुधारायला डिग्रीनंतर करायचे कोर्स, वर्षाला चाळीस हजार डॉलर सहज, आणि शेवटी प्रवेशाची हमी कुणीच देत नाही.

एक गोष्ट मात्र इथली मला मनापासून आवडते. लेक दोन वर्षं इमर्जन्सीत स्क्राइबचं काम करते, डॉक्टरच्या मागे लॅपटॉप घेऊन नोंदी टिपत फिरायचं, रात्री दोनला घरी. तिला डॉक्टर व्हायचंय का नाही हे तिला आता खरंच माहितीये. भाच्याला मी फोनवर विचारलं, अरे तुला का व्हायचंय डॉक्टर, इकडे इंटरव्ह्यूत हेच विचारतात. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे असं कुणी विचारत नाही हो." आणि मग त्याने इथली फी विचारली. मी सांगितली, तर दोन मिनिटं नुसता हसत होता.

एमकॅटला, म्हणजे इथल्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, लेकीला ५१४ मिळाले, ५२८ पैकी, म्हणजे परीक्षेत ती कमी नाहीये. परवा तिसऱ्यांदा अर्ज भरताना विचारत होती, बाबा, त्या पहिल्या वर्षाबद्दल लिहू का नको. मी म्हटलं लिही, त्यांना नाहीतरी दिसतंच आहे.