‘कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस चालतो’ म्हणणाऱ्यांना

‘साठ हजारांत बीस्ट पीसी, गेमिंग पण, एडिटिंग पण’ असा एक मेसेज सध्या फोटोग्राफर मंडळींच्या ग्रुपवर फिरतोय. खाली कुणाचं नाव नाही, वर मात्र ‘जास्तीत जास्त फोटोग्राफर बांधवांपर्यंत पोहोचवा’ अशी विनंती. आधी नजरेखालून गेला तेव्हा मी सोडून दिला होता. या आठवड्यात तो माझ्या मावसभावाने पाठवला. कराडला त्याचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नाच्या ऑर्डरी घेतो, रात्री काम उरकलं की व्हॅलरंट खेळतो. लग्नसराईत साठवलेले पैसे घेऊन तो पुण्याला यायला निघालाय आणि मला विचारतोय, “दादा, हेच पार्ट घेऊ ना?”

नको घेऊस. का नको ते सगळ्यांसाठी इथेच लिहितो, कारण हा मेसेज त्याच्यासारख्या आणखी कितीतरी जणांच्या फोनमध्ये असणार.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. इंटेलचा जुना आय७-३७७० प्रोसेसर आणि एच६१ मदरबोर्ड घ्या, ‘आय७ तो आय७’. वाचलेल्या पैशात आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घ्या, कारण कार्ड जेवढं भारी तेवढे फोटोचे रंग अचूक. एसएमपीएसवर, म्हणजे घरातली वीज घेऊन आतल्या पार्टना पुरवणाऱ्या डब्यावर, पैसे घालवू नका, कॅबिनेटबरोबर येतो तो ४५० वॅटचा पुरतो. त्याला कार्डाची ८ पिनची वायर नसेल तर साटाचा कन्व्हर्टर लावा. शिवाय, ‘ब्रँडेड एसएमपीएसने कॅबिनेटला करंट येतो, लोकलने येत नाही, स्वतः हात लावून बघा’. रॅम ८ जीबीची एकच स्टिक बास. आणि एसएसडीवर फोटो ठेवू नका, दोन वर्षांत उडते.

एसएमपीएसपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातील, या चुकीने घर पेटू शकतं.

कॅबिनेटबरोबर आलेला असाच एक एसएमपीएस आत्ता माझ्यासमोर आहे. बाजूला मोठ्या अक्षरात ४५० वॅट छापलंय. आता त्याच्याच लेबलावरचा बारीक तक्ता वाचू. ३.३ व्होल्टवर २२ अँपिअर, ५ व्होल्टवर २८ अँपिअर, १२ व्होल्टवर १४ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे शाळेच्या पुस्तकात असतं. ३.३ व्होल्टचे ७३ वॅट, ५ व्होल्टचे १४०, १२ व्होल्टचे १६८. बेरीज ३८१. उरलेल्या दोन किरकोळ लाइनी धरल्या तरी ४०० होत नाहीत. म्हणजे कंपनीने स्वतः छापलेले आकडेसुद्धा ४५० पर्यंत पोहोचत नाहीत, आणि ते आकडे खरे आहेत असं धरून मी हे बोलतोय.

खरी गोम त्या १६८ मध्ये आहे. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवर घेतात. ही काही काल झालेली गोष्ट नाही. इंटेलचं एटीएक्स१२व्ही हे एसएमपीएस कसा असावा ते सांगणारं डिझाइन गाईड २००० साली आलं. प्रोसेसरला १२ व्होल्टची वेगळी वायर तेव्हापासून आहे, आणि २००३ पासूनच्या आवृत्त्यांनी तर बहुतेक भार १२ व्होल्टवरच नेला. फुकटचे एसएमपीएस अजून त्याआधीच्या हिशेबाने ५ व्होल्टवर अँपिअर दाखवून वॅटची बेरीज फुगवतात.

मेसेजने सुचवलेल्याच पार्टचा हिशेब करा. आय७-३७७० चे ७७ वॅट. आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट. दोघांचे मिळून २४७, आणि त्यात बोर्ड, पंखे, डिस्क अजून धरलेच नाहीत. समोर आहेत १६८. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते ती उगाच नाही. कार्ड क्षणभरासाठी त्याच्या ठरलेल्या वॅटच्या बरंच वर उसळी मारतं, तेवढी जागा एसएमपीएसमध्ये असावी लागते.

आता तो साटाचा कन्व्हर्टर. हे वाचल्यावर मला खरोखर राग आला. साटाचा प्लग हार्ड डिस्कसाठी आहे. त्यात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. झाले साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ८ पिनच्या कनेक्टरमधून कार्ड १५० वॅटपर्यंत घेऊ शकतं. ५४ च्या वाटेने १५० ओढायचे! पिना तापतात, प्लास्टिक मऊ होतं, कधी काळं पडून चिकटतं, कधी पेट घेतं. तेही गेमच्या मध्यावर, किंवा रात्री दोन वाजता हजार फोटो एक्स्पोर्टला लावून माणूस झोपलेला असताना. एसएमपीएसला ८ पिनची वायर नसणं हीच कंपनीची कबुली आहे की हा एसएमपीएस असल्या कार्डासाठी नाही. तिथे कन्व्हर्टर लावायला सांगणाऱ्याने निदान आपलं नाव तरी खाली लिहायला हवं होतं.

आणि ते ‘हात लावून बघा’. यातलं निरीक्षण खरं आहे, एवढं मान्य करावं लागेल. चांगला एसएमपीएस लावल्यावर काही घरांत कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि फुकटचा लावला की कधीकधी येत नाहीत. माझ्याकडे लोक हीच तक्रार घेऊन येतात. पण त्याचं कारण मेसेज सांगतो त्याच्या बरोबर उलटं आहे.

चांगल्या एसएमपीएसमध्ये वीज आत शिरते तिथे फिल्टर असतो. त्यात दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. विजेतला कचरा त्यांनी अर्थिंगमधून जमिनीत सोडायचा, अशी ती रचना. तुमच्या भिंतीवरच्या प्लगच्या बोर्डात अर्थिंगच नसेल, नुसतं तिसरं भोक असेल आणि मागे वायरच नसेल, तर तो पत्रा अधांतरी राहतो आणि २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर जाऊन बसतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. फुकटचा एसएमपीएस उघडून बघा. फिल्टरच्या जागी पुष्कळदा नुसत्या तारा जोडलेल्या असतात. सर्किट बोर्डावर कॉइलची, कपॅसिटरची जागा छापलेली आहे, भोकं आहेत, पार्ट नाहीत. पार्टच नाही तर झिणझिण्या कुठून येणार? त्याच एसएमपीएसमध्ये आतली एखादी फेजची तार सुटून पत्र्याला टेकली तर मात्र झिणझिण्या नाहीत, सरळ २३० व्होल्ट. चांगला एसएमपीएस घरातल्या अर्थिंगचा दोष दाखवून देत होता, आणि मेसेज सांगतो की एसएमपीएसच काढून टाका. वायरमन बोलवा, अर्थिंग करून घ्या. स्टुडिओ भाड्याच्या गाळ्यात असेल तर मालकाच्या मागे लागा.

गावाकडे आणखी एक त्रास होतो आणि त्याचा दोष यूपीएसवर जातो. लाइट गेली की यूपीएस असूनही कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने स्वतःच्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो. इंटेलच्या त्याच गाईडच्या एटीएक्स१२व्ही आवृत्त्यांमध्ये पूर्ण लोडवर किमान १६ मिलिसेकंद ही अट आहे. फुकटच्यात कपॅसिटरच लहान, त्यामुळे तो आधीच मान टाकतो आणि लाइटरूमचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंवर केलेल्या कामाची नोंदवही, अर्धवट लिहिलेला राहतो. यूपीएस घेतानाही वॅट बघा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, त्यावर सहसा ३६० वॅट लिहिलेलं असतं.

‘८० प्लस’चा शिक्का हवा का? हवा, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, सुरक्षिततेची हमी देत नाही. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा, १२ व्होल्टवर ४० अँपिअर किंवा जास्त लिहिलेला, पाच वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस चार-पाच हजारांच्या आसपास मिळतो. ज्या कार्डावर पंचवीस-तीस हजार घालायला मेसेज सांगतोय, ते कार्ड वाचवायला एवढे पैसे जास्त नाहीत.

आता ‘आय७ तो आय७’. आय७-३७७० हा २०१२ साली उत्तम प्रोसेसर होता, याबद्दल वाद नाही. नंबरातला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी. चार कोर, आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामं. आजचा साधा आय५-१२४०० सहा कोर, बारा थ्रेडचा आहे, त्याचा एकेक कोर या जुन्यापेक्षा खूप वेगवान आहे, आणि बेस पॉवर ६५ वॅट, म्हणजे कमीच. एच६१ बोर्डावर एनव्हीएमई या वेगवान एसएसडीची जागा नाही, डिस्कची साटा जोडणीही जुन्या ३ गिगाबिटची, रॅम १६ जीबीच्या पुढे जात नाही. दुकानात ‘नवीन’ म्हणून मिळणारे एच६१ बोर्ड कुठल्या जुन्या चिपवर बनलेत ते विचारून बघा. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डावरच्या सुरक्षा सोयी लागतात. म्हणजे ज्या गेमसाठी माझा भाऊ हा खटाटोप करतोय, तोच गेम या मशीनवर जुन्या, असुरक्षित विंडोजच्या भरवशावर चालवायचा. गिऱ्हाइकांच्या लग्नाचे फोटो त्याच मशीनवर.

बजेट कमीच असेल तर आय५-१२४०० घ्या, शेवटी एफ नसलेला. त्यात ग्राफिक्स आतच आहे, कार्ड नंतर घेता येतं. रायझन ५ ५६०० सुद्धा चांगला, पण त्यात आतलं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

कार्ड भारी तर रंग अचूक, हे साफ खोटं आहे. रंग दिसतात मॉनिटरवर. कार्ड तेच आकडे मॉनिटरला पाठवतं, स्वस्त असो वा महाग. अडोबी फोटोशॉपसाठी कमीत कमी दीड जीबी ग्राफिक्स मेमरी मागते आणि फोर-के स्क्रीनसाठी ४ जीबी सुचवते, यावरून काय ते समजा. मॉनिटरच्या हर्ट्झचं, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं त्याचं पण तसंच. १६५ हर्ट्झने गेममधली हालचाल गुळगुळीत होते, नवरीच्या शालूचा रंग बरोबर येत नाही. त्यासाठी आयपीएस पॅनल, एसआरजीबी (रंगांची ठरलेली श्रेणी) जवळजवळ १०० टक्के, आणि जमलं तर कॅलिब्रेटर, म्हणजे मॉनिटरचे रंग मोजून जुळवणारं यंत्र. दोन-तीन फोटोग्राफरांनी मिळून एक कॅलिब्रेटर घेतला तरी चालतो. अल्बम छापून आल्यावर चेहरे लाल का दिसतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

एक मात्र खरं. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये फोटोतले दाणे काढणारं एआय डीनॉइज आलं, आणि त्याचा वेग मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर अवलंबून आहे. मांडवातल्या अंधारात वाढीव आयएसओवर काढलेल्या फोटोंना ते वापरायचं असेल तर चांगलं कार्ड वेळ वाचवतं, खूप वाचवतं. मेसेजने हे कारण दिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

एसएसडी दोन वर्षांत उडते म्हणे. सॅमसंग ९८० च्या १ टेराबाइट एसएसडीचं उदाहरण घ्या. कंपनीची हमी पाच वर्षं किंवा ६०० टेराबाइट लिखाण, यातलं जे आधी होईल ते. रोज, अगदी रोज १०० जीबी लिहिलं तरी वर्षाला साडेछत्तीस टेराबाइट होतात. ६०० गाठायला सोळा वर्षं. हां, एसएसडी जाते तेव्हा बऱ्याचदा आधी सूचना न देता जाते, आणि वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला ती नाही. म्हणून काम एसएसडीवर करा, झालेलं काम दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक स्टुडिओबाहेर. ‘एसएसडीवर ठेवू नका’ ऐकून एकाच जुन्या हार्ड डिस्कवर सगळी लग्नं ठेवणारे लोक मी बघितलेत.

रॅमचं दोन ओळीत सांगतो. ८ जीबी ही फोटोशॉपची किमान अट आहे, १६ ची शिफारस आहे. एकच स्टिक लावली तर अर्धा रस्ता बंद राहतो: डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी, दोन लावल्या तर ५१.२. म्हणून ८ च्या दोन. २०२५ च्या शेवटापासून रॅम महाग झालीय, ३२ लगेच झेपत नसेल तर चार स्लॉटचा बोर्ड घ्या आणि नंतर वाढवा. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायला विसरू नका.

भावाला मी यादी बदलून पाठवलीय: आय५-१२४००, ८-८ च्या दोन रॅम, १ टेराबाइट एनव्हीएमई, आयपीएस मॉनिटर, ५५० वॅटचा एसएमपीएस, आणि कार्ड पैसे उरले तर आत्ता, नाहीतर पुढच्या सीझनला. कॅबिनेट घेताना दुकानदार सांगेल की आत एसएमपीएस आहेच, वेगळा कशाला. तो काढून त्यालाच परत द्यायचा. बिलावर एसएमपीएसची कंपनी आणि मॉडेल नंबर लिहून घ्यायचा. नुसतं ‘४५० वॅट एसएमपीएस’ लिहून देत असेल तर शेजारच्या दुकानात जायचं.