जुने सिनेमे कसे बघावेत (साउंडबारसकट)

मागच्या महिन्यात आमच्या साडूंकडे नवा टीव्ही आला. पासष्ट इंची. त्याच्याखाली लाटण्यासारखा लांबलचक साउंडबार. त्या टीव्हीसमोर मी जो रविवार काढला, त्यावरून माझी खात्री पटली की जुने सिनेमे कसे बघावेत याचं नीट मार्गदर्शन मराठीत कुणी केलेलं नाही. ते मी करतो. अधिकार विचाराल तर मी दोन वर्षं मराठी बोलपट सालवार बघतोय. १९३२ पासून एकेक साल धरून, मिळेल तो सिनेमा, मिळेल त्या प्रिंटमध्ये. सध्या १९४४ च्या 'रामशास्त्री'पाशी आलोय. बारा सालांना दोन वर्षं लागली, तर आजच्या सालात पोचेपर्यंत मी किती वर्षांचा असेन, याचा हिशेब बायकोनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला करून ठेवलाय.

तुम्हालाही सालवार बघायचं असेल तर आधी जाहीर करा. बघायला नंतरही सुरुवात करता येते. आणि बोलपटांपासून सुरुवात करण्याचा कमीपणा घेऊ नका, थेट १९१३ सांगा. ३ मे १९१३, मुंबईचं कॉरोनेशन, दादासाहेब फाळके, 'राजा हरिश्चंद्र'. एवढं पाठ केलंत की एखादा सिनेमा न बघताही लग्नाच्या पंगतीत अर्धा तास बोलता येतं. तारामती मिळत नव्हती म्हणून फाळक्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं, हेही सांगा. पुढे 'लंकादहन'मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले, हे ऐकून पंगतीतला कुणीतरी 'ग्राफिक्स का?' विचारेलच. हो म्हणा. जिलबी थंड होते.

एक्सेलमध्ये तक्ता करा. रंग भरा. बहुतेकांचा प्रकल्प इथेच संपतो आणि तो उत्तम प्रकारे संपतो.

तक्त्यात काही घरं रिकामी राहतील. त्यांचं वाईट वाटून घेऊ नका. १९२५ चा बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश', ज्यात व्ही. शांताराम शेतकरी झाले होते, तो मूकपट आज बघायला मिळत नाही. पहिला बोलपट 'आलम आरा'ही नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यातले जेमतेम तीसेक शिल्लक आहेत, तेही बरेचसे तुकड्यांत. बाकीच्यांचं काय झालं? कुणी फिल्ममधली चांदी काढून घेतली, कुणी बांगड्या करणाऱ्यांना विकल्या. उरलेल्या नायट्रेटच्या फिल्म ठिणगीची वाट बघत डब्यांत पडून राहिल्या. २००३ च्या जानेवारीत पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात, अशा साठ्याला आग लागली. हे सगळं सांगून झाल्यावर समोरचा म्हणेल, 'पण नेटवर असेल की.' तेव्हा हसायचं. मी हसतो. दात दिसतील एवढंच हसायचं, मूठ दिसता कामा नये.

प्रिंट कशी निवडावी? पडद्याच्या कोपऱ्यात अपलोड करणाऱ्याचा शिक्का असतो तशी नको, तो मधोमध हवा. माझ्याकडच्या 'संत तुकाराम'मध्ये तो बरोबर विष्णुपंत पागनीसांच्या कपाळावर येतो, गंधासारखा. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात, खाली गौरीबाईंची जिजाई उभी असते, आणि नेमकी त्याच क्षणी डोक्यातल्या कोंड्याची जाहिरात लागते. पाच सेकंदांनी ती बंद करता येते. तोवर तुकोबा गेलेले असतात. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाचा गौरव झाला, तिथल्या लोकांना बिचाऱ्यांना कोंड्याविना बघावा लागला. आणि हो, 'आधी बीज एकले' हा अभंग तुकोबांचा म्हणून ग्रुपवर पाठवत राहा. तो शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलाय, पण एवढ्या तेवढ्यासाठी आषाढीला कुणाचा मूड घालवू नये.

सबटायटल इंग्रजीच ठेवा, पोरांना मराठी कळायला सोपं जातं.

वेग दीडपट करा. धिम्या गतीनं चालायची कला त्या काळच्या लोकांना होती, आपल्याला ती परवडत नाही.

आता मुख्य विषय. सिनेमा सुचवणे.

'काय हो, तुम्ही ते जुने पिक्चर बघता ना? एखादा सुचवा की,' असं साडू मला गणपतीत म्हणाले होते. इथे शहाण्या माणसानं 'बघून सांगतो' म्हणावं आणि मोदक घ्यावा. मी घरी येऊन दीड तास बसून मेसेज लिहिला. 'ब्रह्मचारी' लिहिला: १९३८, मास्टर विनायक, लेखन अत्र्यांचं, आणि मीनाक्षीबाईंचा पोहण्याचा पोशाख, ज्याची चर्चा अजून संपलेली नाही. 'माणूस' लिहिला: १९३९, शांता हुबळीकरांचं 'कशाला उद्याची बात'. 'शेजारी' लिहिला: १९४१, दोन म्हाताऱ्यांची दोस्ती, एक हिंदू एक मुसलमान, जी आज कुणी लिहायला धजेल का मला शंका आहे. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, 'कुंकू'. उत्तरादाखल अंगठा आला. पिवळा.

तर तो रविवार. टीव्हीचं उद्घाटन, भजी, घरात अकरा माणसं. साडू म्हणाले, 'आज भावोजींच्या चॉइसचा पिक्चर.' मेहुणीनं दिवे मालवले. मला, खोटं कशाला बोलू, गहिवरून आलं. 'कुंकू' सुरू झाला. १९३७, शांताराम, प्रभात. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून केलेला. नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या काकासाहेबांशी लावतात आणि ही मुलगी ते लग्न मान्यच करत नाही. एकोणीसशे सदतीस साली. शांता आपटे.

बारा मिनिटं. मी घड्याळ बघितलंय, बारा. बाराव्या मिनिटाला साडू उठले आणि म्हणाले, 'आवाज गेलाय.'

मी म्हटलं, आवाज येतोय की, बोलतायत ते.

'बोलतायत, पण म्युझिक कुठंय? मागचं म्युझिक येत नाहीये. साउंडबारचा प्रॉब्लेम आहे.'

मी सांगायचा प्रयत्न केला की या सिनेमाला पार्श्वसंगीत नाहीच. मुद्दाम ठेवलेलं नाही. माणसांचं बोलणं, पावलं, भांडी, घड्याळाची टिकटिक, असे त्या जागेत असतील तेवढेच आवाज. गाणीसुद्धा समोर कुणीतरी म्हणत असेल तरच. नीरा तर चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, ती पुढे येईल, थांबा. माझं हे वाक्य पुरं होईपर्यंत साडूंनी वायर काढली होती. वायर उलटी घातली. सुलटी घातली. त्यांच्या मुलानं मोबाइलवर साउंडबारचं अ‍ॅप उघडून 'सिनेमा मोड' लावला, मग 'स्टेडियम'. नीरा स्टेडियममध्ये बोलू लागली. कंपनीच्या माणसाला रविवारी फोन झाला. त्यानं बंद करून चालू करायला सांगितलं. बंद करून चालू केलं. शेवटी साडूंनी खात्री करायला दुसरं काहीतरी लावून बघितलं, कुठल्याशा नव्या सिनेमाचं ट्रेलर. त्यात पहिल्या सेकंदापासून ढोल, कर्णे आणि इमारत कोसळल्यासारखा धडाम्. भिंतीवरचा गजानन महाराजांचा फोटो हलला. साडूंचा चेहरा उजळला. 'बघा! बार ओके आहे. तुमच्या पिक्चरमध्येच फॉल्ट आहे.'

फॉल्ट!

मग ते ट्रेलर ज्या सिनेमाचं होतं तो सिनेमा सगळ्यांनी पूर्ण बघितला. मी भजी खाल्ली. मध्येच मुलानं मला समजावलं, 'काका, ह्याला एआयनं कलर मारा आणि बॅकग्राउंड टाका, मग भारी वाटेल.' मारा बाबा. प्रभातवाल्यांनी स्वतःच १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करायला थेट जर्मनी गाठली होती आणि मनासारखे रंग आले नव्हते. त्यांच्याकडे तू नव्हतास ना.

मला राग आहे तो 'कुंकू' आवडला नाही याचा नाही. नावडो. पण आवडायला किंवा नावडायला आधी तो बघायला लागतो, आणि बघायला आधी ऐकायला लागतो. सालवार बघण्याचं खूळ मी कशासाठी घेतलंय? १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'पासून निघालं की कळतं, सिनेमाला कंठ फुटल्याबरोबर तो गातच सुटला. संगीत नाटकातून आलेली माणसं, स्वतः गोविंदराव टेंबे पडद्यावर. त्याच साली हिंदीत 'इंद्रसभा' आला, त्यात सत्तरच्या आसपास गाणी. १९३५ ला 'धर्मात्मा'त खुद्द बालगंधर्व, तेही एकनाथ म्हणून, पुरुषाच्या वेषात. १९३६ ला 'तुकाराम', अभंगांनी ओथंबलेला. ही पाच सालं कानावरून गेली, आणि मग १९३७ ला तोच प्रभात, जिथली माणसं गाण्याबजावण्यात कुणाला हार जाणारी नव्हती, पेटी-तबला बाजूला ठेवतो आणि घड्याळ वाजू देतो. 'कुंकू' बघितला त्या रात्री मी एकटा बसलो होतो, हेडफोन लावून, आणि अंगावर काटा आला होता. ती शांतता कुणीतरी कमावलेली होती. ती ऐकू यायला आधीचा गलका ऐकलेला असावा लागतो. साडूंनी एकदम १९३७ लावला ही माझीच चूक, मीच ठळक अक्षरांत लिहिला होता, हे मान्य. पण म्हणून वायर उपटायची?

सिनेमा सुचवा म्हणता, आणि सुचवल्यावर अंगठा पाठवता. मेसेज वाचत नाही. बघायला बसता तेव्हा हातात फोन असतो. काकासाहेबांचं शेवटी काय होतं ते मेहुणीनं पाचव्या मिनिटाला विकिपीडियावर वाचलं आणि मोठ्यानं सांगितलं, अकरा माणसांना. मग 'जरा स्लो आहे' म्हणता. स्लो? तुम्ही बघितलाच कुठं स्लो आहे की फास्ट ते? चांदी काढणाऱ्यांच्या, बांगड्यावाल्यांच्या आणि आगीच्या तावडीतून जी काही रिळं सुटली ती तुमच्या दिवाणखान्यापर्यंत आली, फुकट आली, बोटावर आली, आणि तुम्हाला अडीच तास गप्प बसवत नाही. वर आमच्या संस्कृतीचं काय होणार म्हणून त्याच सोफ्यावर बसून काळजी करता. दरवर्षी महाराष्ट्र दिनाला मराठी सिनेमाचं वैभव फॉरवर्ड करता. एक सिनेमा बघा. शेवटपर्यंत. अख्ख्या खानदानानं मिळून एक! नाही जमत तर नका बघू, कुणी वॉरंट काढलेलं नाही, पण मग मला विचारत जाऊ नका, माझे दीड-दीड तास जातात.

काल रात्री साडूंचा मेसेज आला. 'शनिवारी या. दुसरा एखादा जुना सुचवा, छोटा असेल असा.'

मी 'राजा हरिश्चंद्र' कळवलाय. उरलाय तो थोडाच, एका भज्याच्या घाण्यात संपेल. मूकपट आहे असंही लिहिलंय, मूकपट म्हणजे काय तेही लिहिलंय, आणि खाली ठळक अक्षरांत: आवाज येणार नाही, कुणीही वायरीला हात लावायचा नाही.

अंगठा आलाय.