डिकन्सची पत्रे आणि संग्राहक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने स्वतःच पत्रे जाळून टाकली असताना माझ्यासारखे संग्राहक केवळ सहीच्या मोहापायी त्याची पत्रे विकत घेतात आणि जी ग्रंथालयात असायला हवीत ती कपाटात कोंडून ठेवतात.

३ सप्टेंबर १८६० रोजी गॅड्स हिलच्या घरामागे डिकन्सने पेटवलेले कागद म्हणजे त्याला आलेली पत्रे होती. मुले टोपल्या भरभरून ती बाहेर आणत होती आणि थोडी तरी राहू द्यावीत अशी त्याच्या मुलीची विनवणी होती. स्वतः लिहिलेले प्रत्येक पत्रही या ढिगावर असते तर बरे झाले असते, असे तो तेव्हा म्हणाल्याचे सांगितले जाते. त्यामुळे त्याच्या इच्छेविषयी आपण लिहिले ते खरे आहे, आणि त्यावर माझ्यापाशी निर्विवाद उत्तर नाही. मात्र त्याने लिहिलेली पत्रे तोवर शेकडो घरांत पोचली होती, आणि त्या घरांनी ती जपली म्हणूनच १९६५ ते २००२ या काळात निघालेल्या बारा खंडांत चौदा हजारांहून अधिक पत्रे छापता आली. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतला बर्ग संग्रह, जिथे डिकन्सचे अभ्यासक आज हक्काने जातात, तोही दोन डॉक्टर भावांनी हौसेने जमवलेला आणि त्यांतल्या एकाने १९४० मध्ये देऊन टाकलेला आहे. खासगी कपाट आणि ग्रंथालय यांच्यात आपण मानता तेवढे वैर नाही.

सहीच्या मोहाबद्दल मात्र आपला राग मला पूर्णपणे मान्य आहे. संग्रहाच्या सुरुवातीला मी घेतलेली एक पट्टी माझ्यासमोर आहे : जेमतेम दोन बोटे रुंद, फिकट निळा कागद, निळी शाई, ‘चार्ल्स डिकन्स’ आणि त्याखाली एकीत एक गुंतलेल्या त्या ओळखीच्या रेघा. ती उलटली की मागे पाच ओळींचे तुकडे दिसतात. एका ओळीत वार आहे, पण तारीख कात्रीत गेली. पत्र कोणाला होते, कशाबद्दल होते, काहीच उरलेले नाही. कोणीतरी आल्बमात चिकटवण्यासाठी एक अख्खे पत्र मारले आणि पुढे अशा पट्टीला गिऱ्हाईक मिळत गेले. त्या गिऱ्हाइकांत मीही होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यानंतर कापलेली सही मी कधीही घेतली नाही.

राहिला कोंडून ठेवण्याचा प्रश्न. माझ्याकडे डिकन्सचे पूर्ण पत्र एकच आहे, आठ ओळींचे, जेवणाचे आमंत्रण नाकारणारे. त्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि अक्षरशः उतरवलेली नक्कल, त्याने केलेल्या खाडाखोडीसकट, नव्याने सापडणारी पत्रे प्रसिद्ध करणाऱ्या संपादकांकडे मी पाठवली आहे. घडीच्या आत एक चिठ्ठी ठेवली आहे : पत्र कोणत्या वर्षी, कोणत्या लिलावात, किती किमतीला घेतले आणि त्याआधी ते कोणाकडे होते. माझ्या पश्चात ते ग्रंथालयाला द्यावे, असे मृत्युपत्रात नमूद केले आहे, आणि ती पट्टीही त्याच पाकिटात जाईल.